अकरा बाय साडेसतरा

चौतीस वर्षं मी अनुरेखक होते, पाटबंधारे खात्यात.
अख्खी खोरी उतरवली ट्रेसिंग कापडावर,
चुकलं तर ब्लेडनं खरवडून पुन्हा.
बुडणारी गावं तुटक रेषेच्या आत बसायची
आणि माझ्या अंगठ्याखाली
चार टीएमसी पाणी सहज झाकलं जायचं.
मोठ्याचं छोटं करायला शिकले.
उलटं करायची वेळ कधी आली नव्हती.

म्हसरूळच्या या रो-हाउसची मागची बाजू
अकरा बाय साडेसतरा फूट.
पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे,
मधोमध सरळ फरशी
आणि फरशी संपते तिथे भिंत.

डॉक्टर म्हणाले, रोज दोनशे पावलं.
वॉकर धरून हे नवव्या पावलाला भिंतीशी पोचायचे
आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे जरा वेळ,
दर रविवारी रामशेज चढणारा हा माणूस.
मग म्हणायचे, "झालं. संपलं तुमचं मैदान."

नर्सरीतले पिंगळे म्हणाले, "ताई, सगळीकडे लॉन टाका,
मोकळं दिसेल."
मोकळं दिसेल, म्हणजे एका नजरेत संपेल.
मी जुनी टी-स्क्वेअर माळ्यावरून काढली.

फरशी उखडली. वाट तिरकी घेतली,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
कर्ण बाजूंपेक्षा लांब, हे सातवीतलं.
मध्ये एक वळण, वळणावर कर्दळ,
पुरुषभर उंच,
पुढे काय आहे ते कळू नये इतकी दाट.
दाराशी रुंद पानं, अळू, आणि झेंडूचा भडक पिवळा.
पलीकडे सगळं बारीक, शतावरीचा धूर, निळी गोकर्ण.
नकाशात लांबच्या डोंगराला आम्ही
पातळ निळा हात द्यायचो, पाणी जास्त, रंग कमी.
भिंतीच्या चुन्यातही तेवढीच नीळ कालवली,
वाटली त्याहून दोन चमचे कमी.

वाट पुढे निमुळती करायची होती, डोळा फसतो त्यानं.
पण वॉकरला सव्वीस इंच लागतात.
तिथे डोळ्याचं ऐकलं नाही.

जुन्या कपाटाचा आरसाही लावून पाहिला वेलीत.
दुसऱ्या दिवशी एक बुलबुल त्याच्याशी भांडत बसला
आणि ह्यांना त्यात वॉकर दिसला.
संध्याकाळच्या आत काढला.

भावसार वहिनी कुंपणावरून म्हणाल्या,
"अहो, आता गोधड्या कुठे वाळवणार?"
गच्चीवर, म्हटलं. गुडघे माझे शाबूत आहेत अजून.

वेल भिंतभर चढली तेव्हा एके ठिकाणी कापून
हातभर खाच ठेवली.
तिच्यातून चामरलेणीचा डोंगर आत येतो,
सकाळी करडा, चारनंतर जांभळट.
त्याचं क्षेत्रफळ मी कुठे धरलेलं नाही.
आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात
प्रमाण लिहायची चौकट तशीच कोरी आहे.

आता जायला बावीस पावलं लागतात.
यायला जास्त,
कारण हे कढीपत्त्याशी थांबतात,
एक पान चुरडतात, हुंगतात,
आणि मुंगळ्यांची रांग ओलांडायला
वॉकर उचलून पलीकडे ठेवतात,
पाहुण्याच्या चपला सरकवाव्यात तसा.

काल स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं,
तर दिसेनात.
कर्दळीचं एक पान हलत होतं, बाकी सगळं स्तब्ध.
छातीत लख्ख झालं. हातातलं पीठ तसंच.
"अहो!"
काही नाही.
"अहो, विसपुते सर!"

मग वळणापलीकडून,
त्या अकरा बाय साडेसतरामधून आवाज आला,
जरा वैतागलेला, दमलेला, आणि बऱ्याच वर्षांनी
गडावरून उतरताना यायचा तसला:
"येतोय गं. लांब आहे."

कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी गॅस बारीक केला.